‘पाणी उकळून प्या’ : मराठवाड्यातल्या सूचनेमागचा इतिहास आणि व्यवहार

मराठवाड्यात ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर निघते. धरणात गाळ येतो आणि गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन जंतूंपर्यंत पोचण्याआधीच त्या गाळात खर्ची पडतं. व्हॉल्व्हचे खड्डे नाल्याच्या पाण्याने भरतात. पाणी रोज सुटत नसल्याने जलवाहिन्या चार, आठ, कुठे त्याहून जास्त दिवस रिकाम्या पडलेल्या असतात. भरून वाहणाऱ्या पाइपाला भोक असलं तर पाणी बाहेर पडतं. पाइप रिकामा असला तर त्याच भोकातून बाहेरची घाण आत झिरपते. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते आणि ती घाण शेजारच्या घरांपर्यंत जाते.

बंद वाटेने पाणी आणण्याचं महत्त्व या भागाला जुनं आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, इथे डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून उताराने शहरात आणलं. खेड्यांत मात्र आड, विहीर आणि बारव. बारवेच्या पायऱ्या उतरून माणूस पाण्यात पाय घालून घागर भरायचा, आणि नारूला, म्हणजे पायातून लांब जंत बाहेर पडणाऱ्या रोगाला, पसरायला नेमकं तेच लागायचं. रुग्णाच्या पायातल्या जखमेतून अळ्या पाण्यात उतरत, सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलकीटकाच्या पोटात वाढत आणि पिणाऱ्याच्या शरीरात जात. सायक्लॉप्स साध्या दुहेरी सुती कापडातही अडकतो. म्हणून गाळणं, पायऱ्या बंद करणं आणि हातपंप बसवणं एवढ्यावर नारू हटला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. कापडावरचा लोकांचा विश्वास मात्र गरजेपेक्षा जास्त टिकला. पटकी (कॉलरा), टायफॉइड, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू कापडातून सहज पार होतात.

हातपंपाच्या इतिहासात जालन्याचं नाव आदराने घ्यायला हवं. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गावाच्या वापरात सतत मोडत, म्हणून 1960 च्या दशकात जालन्यातल्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनच्या पाणी प्रकल्पात पोलादी हातपंप तयार झाला. ‘जालना पंप’ म्हणून तो ओळखला गेला, त्यातून सोलापूर पंप आला आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्याच घडणीवरून इंडिया मार्क टू हा हातपंप उभा राहिला. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर आणि हातपंप गावोगाव पोचले. झाकलेल्या बोअरमुळे नारू आणि पटकी मागे हटली, पण बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, भेगांतलं खोल पाणी आपले क्षार घेऊन वर आलं. नांदेडच्या किनवट भागातला फ्लोराइडचा त्रास आणि ठिकठिकाणचं नायट्रेट हे प्रश्न उकळून सुटत नाहीत, उलट वाढतात. दोन लिटर पाणी आटवून एक लिटर केलं तर नायट्रेटचं प्रमाण दुप्पट होतं. त्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. बोअरच्या अहवालात नायट्रेट जास्त आलं असेल तर तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधासाठी ते पाणी उकळूनही वापरू नये.

टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, पाण्याच्या कामाला आली त्याला सव्वाशे वर्षं झाली. 1897 मध्ये इंग्लंडच्या मेडस्टन गावात टायफॉइडची साथ आली तेव्हा जलवाहिनी याच पावडरने धुतली होती. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आजही तीच वापरतो. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, पण उघड्या, दमट पोत्यात ते झपाट्याने उडतं. पावडर टाकूनही साथ का आली, याचं उत्तर पुष्कळदा या पोत्यातच सापडतं.

विहिरीचा हिशेब सोपा आहे. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, तिन्ही मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणलं की लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. हजार लिटरला 2.5 ग्रॅम धरून 70 ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असेल तर दुप्पट. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून दहा मिनिटं ठेवायची. पावडरीतला चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीने विहिरीत सोडायची आणि वर-खाली हलवायची. चुना आत टाकू नये. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करावी. नमुन्याला लगेच पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. घरच्या नळाला ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मिळायला हवं. टँकरलाही हाच नियम, 10,000 लिटरला 25 ते 50 ग्रॅम.

मग नळाच्या पाण्यात क्लोरीन असताना उकळायचं कशाला? 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. क्लोरीनने टायफॉइडसारखे जंतू आवरले, विषाणू निसटला आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. तो विषाणू पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. त्याचा धोका गरोदर बाईच्या जिवाला सर्वांत जास्त असतो, म्हणून घरात गरोदर बाई असेल तर उकळण्यात एक दिवसही सूट नको. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हाही तपासात दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू पुढे आले आणि हीच सूचना निघाली.

वीस मिनिटं उकळायचा सल्ला जुन्या पाठ्यपुस्तकांतून आला आणि गॅसच्या भीतीने लोक उकळणंच टाळू लागले. खरं तर तळापासून मोठे बुडबुडे उसळायला लागल्यावर एक मिनिट पुरतं. तीन मिनिटांचा नियम समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरच्या वरच्या गावांसाठी आहे, आणि मराठवाड्यातली शहरं त्याच्या निम्म्याहूनही खाली आहेत. आधी निवळावं, चार पदरी कापडातून गाळावं, मग उकळून त्याच भांड्यात झाकून गार करावं. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. गॅस नसेल तर आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, घ्यावं, मात्रा बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे घालावी आणि अर्धा तास थांबावं.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. रेल्वे, शुद्धीकरण केंद्र, टँकर, ड्रम असा पाण्याचा प्रवास लांबला, आणि जितके हात बदलले तितक्या दूषित होण्याच्या जागा वाढल्या. घरात आठवडाभर साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. उकळलेल्या पाण्यात तर ते नसतंच, म्हणून एका दिवसापुरतंच उकळावं. माठात पेला बुडवू नये, लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी वापरावी. जारच्या थंडगार पाण्यातही आरओनंतर क्लोरीन उरत नाही. जार आणि हात स्वच्छ नसतील तर ते पाणीही दूषित होतं.

सूचना लागू असेपर्यंत दात घासायला, ताक करायला, कोशिंबीर धुवायला आणि बाळाच्या वाटी-चमच्यालाही उकळलेलंच पाणी लागतं. बर्फ बाहेरून आणू नये. आंघोळीला साधं पाणी चालतं, फक्त लहान मुलं ते गिळणार नाहीत हे पाहावं. नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी संडासाच्या बादलीत धरावं म्हणजे ते वायाही जात नाही.

सूचना उठल्यावर टाकीतलं जुनं पाणी तसंच राहिलं तर त्रास पुन्हा घरातूनच सुरू होतो. इथे भरलेली टाकी ओतून देणं परवडत नाही, म्हणून पाणी तळाला गेलं की धुवावी. 20 लिटर पाण्यात 15 ग्रॅम टीसीएलची निवळी करून भिंती आणि झाकण ब्रशने घासावं, अर्धा तास ठेवून चांगल्या पाण्याने विसळावं. हातात मोजे घालावेत, टाकीत उतरू नये आणि फिल्टरची कँडल बदलावी.