फुलाचा आकार उजेडाचा, रंग माणसाचा

ओगावा काझुमासा या छायाचित्रकाराचं ‘सम जॅपनीज फ्लॉवर्स’ हे पुस्तक १८९६ साली टोकियोत निघालं. लिली, शेवंती, आयरिस, कमळ अशा फुलांची ही चित्रं आज पाहिली तरी नजर खिळून राहते. पाकळीची मुरड, पानावरच्या शिरा, एका पाकळीची दुसरीवर पडलेली सावली, सगळं इतकं जिवंत आहे की या चित्रांतला रंग कॅमेऱ्याने टिपलेलाच नाही हे सांगूनही पटत नाही. बाजारात यशस्वी झालेली रंगीत छायाचित्रणाची पहिली पद्धत, ऑटोक्रोम, आली ती १९०७ साली. इथले रंग कारागिरांनी नंतर चढवले आहेत.

फुलांचा फोटो काढणं तेव्हा फारच अवघड होतं. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या काचेवरच्या थरातल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळा करायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या कणात असते, तांबड्या प्रकाशाच्या कणात नसते. त्यामुळे साध्या काचेवर काढलेल्या फोटोत लालभडक फूल काळं आणि निळं फूल जवळजवळ पांढरं उमटायचं. विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली की तोच थर हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागा होतो, हे जर्मनीच्या हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली दाखवलं. तरी कागदावर येणार ते काळं-करडंच.

ओगावांची या विद्येसाठीची धडपड मला फार मोठी वाटते. खिशात पैसे नव्हते, म्हणून ते ‘स्वातारा’ या अमेरिकी युद्धनौकेवर खलाशी झाले आणि अमेरिकेला पोचले. तिथे ते कोलोटाइप, म्हणजे फोटो शाईने कागदावर छापायची पद्धत, शिकले; फुलांची ही चित्रं त्याच पद्धतीने छापलेली आहेत. १८८४ साली परतले आणि १८८९ साली त्यांनी जपानमधला पहिला कोलोटाइप छापखाना काढला.

या छपाईचं मर्म सरसात आहे. लाकूड चिकटवायला वापरतात त्या सरसाचंच शुद्ध रूप म्हणजे जिलेटिन. त्यात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून जाड काचेवर थर द्यायचा, ऊबेत सुकवायचा आणि वर निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा. उजेड पडला की डायक्रोमेटमधलं क्रोमियम आपलं रूप बदलतं आणि जिलेटिनच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. निगेटिव्हमधून जिथे जास्त उजेड आला, तिथला थर टणक होतो आणि पुढे पाणी पिईनासा होतो. जिथे कमी आला, तिथला थर पाण्याने फुगतो. मग रुळाने तेलकट शाई फिरवली की फुगलेला ओला भाग तिला झिडकारतो आणि टणक भाग धरून ठेवतो. तेल आणि पाण्याचं हेच वैर शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईतही असतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो त्याच जोरावर. म्हणजे दोन्हीकडची ही कामं एकाच काळातली आहेत.

पण कोलोटाइपची एक खुबी शिळाछापात नाही. थर सुकताना आणि पुन्हा पाणी पिताना त्यावर अतिसूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि शाई त्यांतच बसते. वर्तमानपत्रातल्या फोटोवर भिंग धरलं की ठिपक्यांची जाळी दिसते; इथे ठिपके नाहीत, नुसती सुरकुत्यांची बारीक नक्षी. म्हणून पाकळीवरची सावली पायऱ्या न पडता विरत जाते. कष्ट मात्र अफाट. हवेतला दमटपणा बदलला की छाप बदलतो, आणि एका काचेवरून काही शे, फार तर दोनएक हजार प्रती निघतात. त्या काळचे अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर काढलेले फोटो पिवळे पडले. कोलोटाइपची काजळीची शाई काळीच राहिली.

वनस्पती ओळखायला ही चित्रं वापरायची तर आकारावर विश्वास ठेवावा, रंगावर बेताने. याचं कारण कारागिराची हयगय नाही. फुलाचा रंगच मुळी स्थिर नसतो. जपानची लाडकी असागाओ, म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, घ्या. ही वेल तिथे चीनमधून औषध म्हणून आली, आणि आपल्याकडेही तिच्या बिया काळादाणा म्हणून रेचकात वापरतात. तिच्या भाऊबंदांपैकी ‘हेवनली ब्लू’ या जातीवर जपानी शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं. कळीत पाकळीच्या पेशींमधल्या रसाचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) ६.६ असतो आणि रंग जांभळट-तांबूस. उमलताना तो ७.७ पर्यंत चढतो आणि रंगद्रव्य तेच राहूनही फूल आकाशी निळं होतं. कोमेजताना पुन्हा तांबूस झाक येते.

असं फूल रंगवायला बसलेल्या माणसाला यातली एकच घटका निवडता येते. पाकळीला पडलेली चुणी मात्र कॅमेऱ्यातल्या काचेला उजेड दाखवला त्याच क्षणाची असते.