स्थिर ओव्हरक्लॉक आणि सुरक्षित ओव्हरक्लॉक

प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉक. त्यासाठी गुणक (प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग ठरवणारा आकडा) वाढवला, व्होल्टेज थोडं चढवलं, प्राइम९५ (प्रोसेसरला जड आकडेमोड देऊन चुका पकडणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवलं आणि सकाळी पाहिलं तर एकही एरर नाही. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "चला, सेफ आहे." गफलत होते ती इथेच. रात्रभराच्या चाचणीतून एवढंच कळलं, की त्या तापमानाला, त्या प्रकारची आकडेमोड करताना प्रोसेसर चुकला नाही. म्हणजे तो स्थिर आहे. तोच प्रोसेसर तीन वर्षांनी कसा असेल, याबद्दल ती चाचणी चकार शब्द काढत नाही.

आधी स्थिरतेचं बघू. ५ गिगाहर्ट्झला प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात सिग्नलने ट्रान्झिस्टरांची एक साखळी ओलांडून पलीकडे पोचलं पाहिजे. ५.२ गिगाहर्ट्झ केलं की हाती उरतात जेमतेम ०.१९२ नॅनोसेकंद. सगळ्यात लांबच्या वाटेवरचा सिग्नल उशिरा पोचला, तर ० च्या जागी १ नोंदला जातो. मग कधी निळा स्क्रीन येतो, कधी गेम बंद पडतो, तर कधी काहीच दिसत नाही आणि उत्तर मात्र चुकलेलं असतं. प्राइम९५ मधली "राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं" ही एरर म्हणजे अशीच पकडली गेलेली चूक.

यावर सोपा उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. व्होल्टेज वाढलं की ट्रान्झिस्टर लवकर उघड-मीट करतात आणि सिग्नल वेळेत पोचतो. पण सुरक्षितता खर्ची पडते ती याच उपायात.

प्रोसेसरला लागणारी वीज फ्रिक्वेन्सीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, ५.० चे ५.२ गिगाहर्ट्झ करण्यासाठी १.२५ व्होल्टचे १.३५ करावे लागले. वेग वाढला ४ टक्के, वीज वाढली सुमारे २१ टक्के. शिवाय तापमान चढलं की गळतीचा करंटही (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा) वाढतो, तो वेगळाच. ही उष्णता कूलरने बाहेर काढली तरी हिशेब तिथे मिटत नाही. तांब्याच्या अतिसूक्ष्म तारांमधून जास्त करंट वाहिला की इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने धातूचे अणू हळूहळू जागचे हलतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. करंट आणि तापमान वाढलं की तारेचं आयुष्य किती घटतं, याचं समीकरण जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीसच मांडलं होतं. दुसरीकडे, व्होल्टेज आणि उष्णतेच्या ताणाखाली ट्रान्झिस्टरही थकतात. ते चालू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज थोडं थोडं वर सरकतं आणि ते मंद होतात. आज ज्या सेटिंगवर सिग्नल वेळेत पोचतो, त्याच सेटिंगवर वर्षा-दोन वर्षांनी तो उशिरा पोचू शकतो. असुरक्षित ओव्हरक्लॉक पुढे अस्थिर होतो तो असा.

स्थिर असूनही असुरक्षित कसं असतं, याची दोन मोठी उदाहरणं अलीकडची आहेत. २०२३ मध्ये काही रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केलं की काही मदरबोर्ड रॅम स्थिर राहावी म्हणून एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज) फार वर नेत होते. रॅम नीट चालत होती आणि वापरणाऱ्याला काहीच जाणवत नव्हतं. शेवटी रायझन बनवणाऱ्या एएमडीने बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून त्या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दुसरं उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं. यातल्या अनेकांना ओव्हरक्लॉकही केलेलं नव्हतं. वाढीव व्होल्टेज आणि तापमानामुळे कोरमधलं घड्याळाचं सर्किट झिजून लागणारं किमान व्होल्टेज वर सरकतं, असं कारण कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. ०एक्स१२९ या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते अपडेटने पूर्ववत झाले नाहीत. मला यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अस्थिरता सेटिंग बदलून जाते, झीज जात नाही.

आता उलटी बाजू. मूळ व्होल्टेजला हात न लावता नुसता गुणक वाढवत नेला, तर कॉम्प्युटर हँग होईल, रीस्टार्ट होईल, कदाचित सुरूच होणार नाही. सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणल्या, की पुन्हा पहिल्यासारखा. प्रोसेसरचं सहसा काही बिघडत नाही. म्हणून अशा हँगला घाबरण्याचं कारण नाही, मात्र फायलींची काळजी घ्या. चुकलेला बिट डिस्कवर लिहिला गेला तर फाइल किंवा ऑपरेटिंग सिस्टीम खराब होऊ शकते. प्रयोग सुरू करण्याआधी बॅकअप हवाच.

स्थिरता मोजतानाही फसगत होते, ती वेगवेगळ्या तऱ्हेने. प्रोसेसर कमाल तापमानाला टेकला की स्वतःच वेग कमी करतो. चाचणी मग पास होते, पण ती तुम्ही ठरवलेल्या वेगावर झालेलीच नसते. रायझनमध्ये व्होल्टेज कमी पडलं की घड्याळ आतल्या आत ताणलं जातं, म्हणजे ठोके लांबतात. स्क्रीनवर आकडा मोठा दिसतो आणि सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचा स्कोअर घसरतो. म्हणून एचडब्ल्यूइन्फो या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक', म्हणजे प्रत्यक्षातला वेग, पाहावं. कर्व्ह ऑप्टिमायझर या रायझनच्या सेटिंगने अंडरव्होल्ट केलेला (व्होल्टेज कमी केलेला) प्रोसेसर पूर्ण भाराखाली तासन्‌तास टिकतो आणि रिकामा बसला असताना रीस्टार्ट होतो, कारण एकट्या कोरचा सर्वाधिक वेग हलक्या कामातच गाठला जातो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या, तर सगळं सुरळीत वाटत असलं तरी तो ओव्हरक्लॉक स्थिर मानू नये.

सुरक्षितता मोजायला अशी चाचणीच नाही. तिच्यासाठी आधी मर्यादा ठरवावी लागते. माझ्या मते ओव्हरक्लॉकिंगची सुरुवात गुणकापासून न करता इथून करावी. आपल्या प्रोसेसरच्या पिढीसाठी कंपनीने दिलेल्या मर्यादा पाहा, सगळे कोर कामाला लागलेले असताना किती व्होल्टेज आणि किती तापमान चालवून घ्यायचं ते लिहून ठेवा. इथे एक चूक फार जण करतात. रायझन मूळ सेटिंगवरही हलक्या कामात १.४ व्होल्टच्या वर जाताना दिसतो, म्हणून तेवढंच व्होल्टेज सगळ्या कोरांना कायमचं लावून टाकतात. हलक्या कामात करंट कमी असतो, सगळे कोर भरलेले असताना तो कितीतरी पट असतो. व्होल्टेजचा आकडा सारखा असला, तरी झीज सारखी नसते.

बायोसमधल्या लोड-लाइन कॅलिब्रेशन या सेटिंगचंही तसंच. भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते बसू नये म्हणून ही सेटिंग कडक करायचा मोह होतो आणि चाचणी लगेच पास होते. पण भार अचानक उतरला की व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळी मारतं. ही उसळी इतकी अल्पकाळ असते की सॉफ्टवेअरच्या नोंदीत सापडत नाही. मी ही सेटिंग मधल्या पायरीच्या वर नेत नाही.

मर्यादा ठरली की गुणक एकेक करून वाढवा. प्राइम९५ मधल्या स्मॉल एफएफटी चाचणीने उष्णता तपासा, वाय-क्रंचर या प्रोग्रामने वेगळ्या प्रकारचा भार द्या, कोरसायकलर या प्रोग्रामने एकेक कोर स्वतंत्र तपासा आणि नंतर काही दिवस रोजचं काम करून पाहा. ठरवलेल्या व्होल्टेजला चाचणी नापास झाली, तर गुणक एका पायरीने खाली घ्या. आणि वर्षभर बिनतक्रार चाललेली सेटिंग अचानक रुसली, तर आधी कूलर, थर्मल पेस्ट आणि रॅम तपासा. ते सगळं ठीक निघालं, तरीही व्होल्टेज वाढवून ती सेटिंग टिकवू नका. तिथेही गुणकच खाली आणा.