‘स्थिर’ सर्व्हर आणि सेंटओएसची आखडलेली मुदत : पार्श्वभूमी

सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी हा प्रश्न साधारण २००५ ते २०२० या काळात लहान होस्टिंग व्यावसायिक, महाविद्यालयांतील संगणक विभाग आणि मध्यम आकाराच्या कंपन्या यांच्यापुरता जवळजवळ मिटलेला होता. पैसे मोजायची तयारी असेल तर रेड हॅट या कंपनीचे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स (पुढे ‘आरएचईएल’) घ्यावे, नसेल तर त्याचीच प्रतिकृती असलेले सेंटओएस घ्यावे, आणि कोणत्याही एका कंपनीवर विसंबून राहायचे नसेल तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियन या लिनक्सकडे वळावे, असा तो सरळ हिशेब होता. ८ डिसेंबर २०२० रोजी हा हिशेब बिघडला. सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत, म्हणजे अपडेट मिळत राहण्याचा काळ, मे २०२९ पर्यंत नसून ती ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल, असे त्या दिवशी जाहीर झाले. आज सर्व्हरची निवड करताना ज्या शंका काढल्या जातात, त्यांतील बऱ्याच शंका त्या दिवसापासूनच्या आहेत.

या गोष्टीचा आरंभ २००३ मध्ये सापडतो. तोपर्यंत रेड हॅट लिनक्स हे एकच उत्पादन खोक्यात विकलेही जात असे आणि विनामूल्य उतरवूनही घेता येत असे. मार्च २००३ मध्ये आलेली नववी आवृत्ती ही त्या मालिकेतील अखेरची ठरली आणि एप्रिल २००४ अखेर तिचे अपडेट थांबले. त्यानंतर वापरकर्त्यांपुढे दोनच वाटा उरल्या : एक वर्षभरात जुनी होणारी विनामूल्य प्रणाली फेडोरा, दुसरी सशुल्क आरएचईएल. सर्व्हर चालवणाऱ्याला यांपैकी पहिली परवडत नव्हती, कारण दरवर्षी चालते यंत्र उलथेपालथे करणे कोणालाच नको असते, आणि दुसरी अनेकांच्या खिशाला परवडत नव्हती. मात्र सशुल्क उत्पादनाचा स्रोत (ज्यातून प्रोग्राम बांधले जातात तो मूळ संकेत, सोर्स कोड) सर्वांसाठी खुला ठेवलेला होता. त्यातून कंपनीचे बोधचिन्ह आणि नाव काढून टाकून तोच स्रोत पुन्हा बांधला, तर कायद्याने कोणाचीही हरकत असू शकत नव्हती. अशी पुनर्बांधणी करणारे अनेक गट एकाच वेळी पुढे आले. त्यांतील एक तर अमेरिकेतील लुईझियाना राज्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या आश्रयाने चालत होता. आणखी एक प्रयत्न भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांतून झाला. २००४ मध्ये पहिली आवृत्ती काढणारे सेंटओएस या सर्वांत टिकून राहिले. व्यापारचिन्हाचा वाद टाळण्यासाठी ही मंडळी मूळ कंपनीचे नावही घेत नसत. ‘उत्तर अमेरिकेतील एक प्रख्यात एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता’ असा काहीसा मिस्कील उल्लेख त्यांच्या मजकुरात असे.

प्रतिकृती किती तंतोतंत असावी, याचे उत्तर ‘चुकांसकट’ असे होते. मूळ प्रणालीत एखादा दोष असेल तर तो दोषही जसाच्या तसा उतरला पाहिजे, कारण डेटाबेस, कंट्रोल पॅनेल किंवा शास्त्रीय गणनेची महागडी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी आपली चाचणी मूळ प्रणालीवर घेतलेली असते आणि त्या चाचणीचा लाभ प्रतिकृतीलाही मिळावा, हाच सारा हेतू होता. जानेवारी २०१२ मध्ये आरएचईएलच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीची मुदत सात वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली, तेव्हा काहीही न करता सेंटओएसचे आयुष्यही तितकेच वाढले.

येथे ‘स्थिर’ या शब्दाचा गुंता सोडवणे आवश्यक आहे, कारण सर्व्हरविषयीच्या निम्म्या भांडणांत दोन्ही पक्ष हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरत असतात. सामान्य वापरकर्त्याला स्थिर म्हणजे मध्येच बंद न पडणारे असे वाटते. डिस्ट्रिब्यूशन (लिनक्सची वापरायला तयार जुळणी) बांधणाऱ्यांना मात्र स्थिर म्हणजे न बदलणारे, एवढेच अभिप्रेत असते. डेबियनची ‘अनस्टेबल’ शाखा रोजच्या वापरात महिनोन्महिने विनातक्रार चालू शकते. ती अस्थिर आहे ती तिच्यात रोज काहीतरी बदलते या अर्थाने. फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या प्रणालीत तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तेथे ‘स्टेबल’ नावाची शाखा ही विकासाचीच शाखा असून प्रत्यक्ष सेवेत लावायची असते ती ‘रिलीज’. त्या ठिकाणी ‘स्टेबल’ या शब्दाने केवळ एवढेच सुचवले जाते की त्या शाखेवर बांधलेले प्रोग्राम पुढेही चालत राहतील.

न बदलण्याचे हे तत्त्व पाळता यावे म्हणून बॅकपोर्टची पद्धत रूढ झाली. पॅकेजची (प्रणालीत बसवायच्या एकेका प्रोग्रामच्या गठ्ठ्याची) मूळ आवृत्ती गोठवून ठेवायची आणि सुरक्षेची दुरुस्ती तेवढी नव्या आवृत्तीतून काढून जुनीत बसवायची, असे तिचे स्वरूप आहे. त्यामुळे सेंटओएस ७ वरील अपाची हा वेब सर्व्हर प्रोग्राम २.४.६ हा २०१३ सालचा आकडा २०२४ पर्यंत मिरवत राहिला आणि केवळ आकडा वाचून अहवाल देणारी सुरक्षा-तपासणीची साधने त्यावर लाल खुणा करत राहिली. लेखापरीक्षकाला ही गोष्ट समजावून सांगण्यात ज्यांचे दिवस गेले आहेत, त्यांना याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही. ओपनएसएसएल या सांकेतिक संपर्काच्या लायब्ररीतील हार्टब्लीड या दोषाचे एप्रिल २०१४ मधील प्रकरण या पद्धतीच्या दोन्ही बाजू दाखवते. सेंटओएस ५ वरील ओपनएसएसएल इतके जुने होते की तो दोष त्यात नव्हताच. सेंटओएस ६ ने ६.५ या उपआवृत्तीत ते १.०.१ई वर नेले होते आणि त्याबरोबर दोषही आत आला होता. दुरुस्तीनंतरही आकडा १.०.१ई असाच राहिला, फक्त त्यापुढचा पॅकेजचा क्रमांक वाढला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-साधनात मुद्दाम ठेवलेले मागचे दार उघडकीस आले, तेव्हाही ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंत पोहोचले होते, स्टेबलपर्यंत नाही. म्हणून जुने ते सुरक्षित, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. जुलै २०२० मध्ये यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्राममधील बूटहोल या त्रुटीवरचा पॅच (दुरुस्ती) लावल्यावर आरएचईएल आणि सेंटओएसची अनेक यंत्रे सुरूच होईनाशी झाली होती, आणि तो पॅच गोठवलेल्या, काळजीपूर्वक जपलेल्या शाखेतूनच आलेला होता.

सेंटओएसचा स्वतःचा कारभार मात्र त्याच्या पॅकेजांइतका स्थिर कधीच नव्हता. २००९ च्या जुलैअखेर प्रकल्पातील सहकाऱ्यांना आपल्याच एका संस्थापकाला उद्देशून खुले पत्र लिहावे लागले, कारण प्रकल्पाचे डोमेन आणि देणग्यांचे खाते त्याच्या हाती होते आणि तो संपर्कात नव्हता. प्रकरण काही दिवसांत मिटले. पुढे आरएचईएल ६ नोव्हेंबर २०१० मध्ये आले, पण त्याची प्रतिकृती तयार व्हायला जुलै २०११ उजाडला, म्हणजे आठ महिने लागले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके स्वयंसेवक आणि त्यांच्या भरवशावर जगभरातील अगणित यंत्रे, असे ते विषम नाते होते. त्यामुळे जानेवारी २०१४ मध्ये मूळ कंपनीनेच हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला आणि त्यातील प्रमुख मंडळींना नोकरीत सामावून घेतले, तेव्हा बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. धनी बदलला की मुदतही धन्याच्या हाती जाते, याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ च्याच जोडीने सेंटओएस स्ट्रीम ही नवी शाखा जाहीर झाली; त्याच वर्षीच्या जुलैत रेड हॅट ही मूळ कंपनीही ३४ अब्ज डॉलरच्या व्यवहारात एका मोठ्या कंपनीच्या मालकीची झाली होती. या दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला. निर्णय आमचाच, असे मूळ कंपनीतर्फे सांगितले गेले आणि त्याविरुद्ध ठोस पुरावा पुढे आलेला नाही.

डिसेंबर २०२० च्या निर्णयात दोन गोष्टी एकत्र होत्या आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. यापुढे प्रतिकृती न बांधता सर्व बळ स्ट्रीमवर लावायचे, ही पहिली. तिच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. प्रतिकृती ही व्याख्येनेच मूळ प्रणालीनंतर येते, त्यामुळे तिच्यात सापडलेला दोष तेथे दुरुस्त करता येत नाही, आणि तिचे वापरकर्ते मूळ कामात भर घालू शकत नाहीत. स्ट्रीममध्ये हा क्रम उलटतो. आरएचईएलच्या येत्या उपआवृत्तीत जे जाणार असते ते चाचण्यांतून पार होऊन आधी स्ट्रीममध्ये येते. नदीचा दाखला द्यायचा तर जे गाव आजवर खालच्या अंगाला होते, ते उचलून वरच्या अंगाला वसवण्यात आले. ‘आम्हाला फुकटात चाचणीचे उंदीर बनवले’ ही त्या वेळची लोकप्रिय तक्रार म्हणूनच पूर्णपणे न्याय्य नाही. तरीही चुकांसकट तंतोतंत ही जी हमी होती ती गेली, मुदत दहाऐवजी साधारण पाच वर्षांवर आली आणि गुप्तता पाळून केलेल्या काही सुरक्षा-दुरुस्त्या आरएचईएलला आधी आणि स्ट्रीमला नंतर मिळू लागल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे आधीच सेवेत असलेल्या आठव्या आवृत्तीची मुदत साडेसात वर्षांनी आखडणे. खरा रोष ओढवला तो या दुसऱ्या गोष्टीने, आणि तो रास्त होता. बचावात असे म्हटले गेले की २०२९ ही तारीख आरएचईएलच्या मुदतीवरून धरलेली अपेक्षा होती, कोणाशी केलेला करार नव्हता. पण विनामूल्य प्रणालीत करार कोणाशीच नसतो. जाहीर केलेली तारीख हाच तेथे करार समजला जातो. शिवाय फटका नेमका कोणाला बसला ते पाहावे. सेंटओएस ६ ची मुदत ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपली होती. ज्यांनी वेळेत, नियमाला धरून सर्व्हर आठवर हलवले, त्यांना त्यानंतर आठच दिवसांनी कळले की पुढच्या वर्षअखेर पुन्हा हलवायचे आहे. आळस करून सातवर थांबलेल्यांना मात्र जून २०२४ पर्यंत निवांत झोप मिळाली. आठवी आवृत्ती तिच्या मूळ मुदतीपर्यंत चालू देऊन केवळ नववी प्रतिकृती काढली नसती, तर आजचे बरेचसे वितुष्ट टळले असते.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये वैयक्तिक नोंदणीवर १६ यंत्रांपर्यंत आरएचईएल विनामूल्य वापरण्याची मुभा देण्यात आली. मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये रॉकी लिनक्स या दोन नव्या प्रतिकृती वापरासाठी तयार झाल्या. २१ जून २०२३ रोजी आरएचईएलचा स्रोत सर्वांसाठी उघड ठेवण्याची पद्धत थांबली. यापुढे खुला राहील तो स्ट्रीमचा स्रोत, आरएचईएलचा नेमका स्रोत ग्राहकांनाच मिळेल, असे ठरले. ज्याला प्रोग्राम दिला त्याला स्रोत देणे एवढेच जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचे बंधन असल्याने हे नियमात बसते, असे एक मत आहे. तो स्रोत पुढे वाटणाऱ्या ग्राहकाचे सदस्यत्व रद्द करण्याची अट म्हणजे परवान्याच्या हेतूलाच बगल देणे होय, असे दुसरे मत आहे. अल्मालिनक्सने त्यानंतर ‘चुकांसकट’ हा आग्रह सोडला आणि प्रोग्राम चालतील एवढीच सुसंगती पुरेशी मानली. रॉकीने तंतोतंतपणा कायम ठेवण्याचे ठरवले.

या सर्व काळात डेबियनचा गाडा आपल्या चालीने चालू होता. तेथेही जुलै २००२ नंतरची स्टेबल आवृत्ती निघायला जून २००५ उजाडला होता. पण २०१४ पासून वाढीव देखभालीची सोय झाल्यावर पाच वर्षांचा पल्ला तेथेही मिळू लागला. दहा वर्षांच्या सवयीला तो अपुरा वाटतो, एवढीच त्याविरुद्धची तक्रार.

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ ची मुदत संपली आणि त्यानंतर लगेच मिररची (पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांची) यादी पुरवणारा पत्ता बंद झाला. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या यंत्रांवर यम (yum) हा पॅकेजे उतरवणारा प्रोग्राम चालवताच तो पत्ता सापडत नसल्याचा संदेश येऊ लागला आणि जुनी पॅकेजे संग्रहातून ओढण्यासाठी रिपॉझिटरीच्या (पॅकेजे कोठून घ्यायची ते सांगणाऱ्या) फाइली हाताने बदलाव्या लागल्या. मे २०२५ मध्ये आलेल्या आरएचईएल १० ने साधारण २०१३ पूर्वीच्या इंटेल प्रोसेसरांना वगळले. अल्मालिनक्सने मात्र त्या जुन्या यंत्रांसाठी वेगळी बांधणी उपलब्ध ठेवली. मूळ प्रणाली जेथे चालत नाही तेथे चालणारी प्रतिकृती ही वीस वर्षांपूर्वीच्या अर्थाने प्रतिकृती उरलेली नाही, आणि आपल्या सॉफ्टवेअरचा विक्रेता तिला मान्यता देतो का, हे प्रत्येक सर्व्हरमागे वेगळे विचारावे लागते.