रंध्यावरचा गंज: वर बसलेला आणि आत खाल्लेला

नाशिकला अंबड लिंक रोडच्या भंगारात किंवा गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात लाकूड तासायचा जुना लोखंडी रंधा हाती आला, की गिऱ्हाईक गंज किती चढलाय ते बघून भाव पाडतं. पण सगळा तांबूस झालेला रेकॉर्ड कंपनीचा ०४ नंबर दुपारभरात कामाला लागू शकतो, तर वरून स्वच्छ दिसणारा स्टॅन्ली ४ नंबर पात्यावरच्या नखाएवढ्या डागापायी अडून बसतो.

वर बसलेला गंज नारिंगी, पिठासारखा असतो आणि बोटाला लागतो. खाल्लेला गंज काळपट, खवल्यांचा असतो. घोळ होतो कारण पहिला दुसऱ्याला झाकतो. रॉकेलचे दोन थेंब टाकून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने इंचभर जागा घासा. एकसारखं पांढरं लोखंड दिसलं तर गंज वरचाच. काळे ठिपके राहिले आणि नख त्यात अडकलं, तर ते खड्डे. खड्डा म्हणजे तिथलं लोखंड गेलेलं असतं, त्यामुळे कुठलंही रसायन तो भरून आणत नाही.

ही परीक्षा सगळ्यात आधी पात्याच्या सपाट पाठीवर करा. पात्याची तिरपी घासलेली बाजू, म्हणजे उतार, आणि पाठ जिथे मिळतात तिथे धार तयार होते. धारेपासून ५-६ मिलिमीटरच्या आत पाठीला खड्डा असला, की धारेत खाच पडते आणि लाकडावर बारीक उभी रेघ उठते. पुन्हा धार लावली तरी पातं झिजेल तसा पुढचा खड्डा धारेवर येतो. मग एक तर खड्डे संपेपर्यंत पातं ग्राइंडरवर मागे घ्यायचं, तेही सारखं पाण्यात बुडवत, कारण निळं पडलं की पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला; नाहीतर नवीन घालायचं. ४ आणि ५ नंबरला २ इंचाचं पातं लागतं, साडेचारला २ ३/८ इंचाचं. जुन्या नाशकातल्या वाड्यांमधून निघणाऱ्या लाकडी रंध्यांच्या पात्यांत पुष्कळदा पोलादाचा पातळ थर पाठीकडेच असतो. खड्डे घालवायला पाठ फार घासली तर पोलादच संपतं.

तळाचं तसं नाही. तळावर विखुरलेले खड्डे काही बिघडवत नाहीत, कारण रंधा उरलेल्या सपाट भागावर सरकतो. अपवाद तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, पुढच्या कडेचा. पातं कापण्याआधी तीच कड लाकूड दाबून धरते. ती खाल्लेली असेल तर आडव्या रेषांचं सागवान उचकटतं. तळ सरळ करायला अंबड-सातपूरच्या वर्कशॉपात सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासणाऱ्या मशीनवर, देण्याचा मोह होतो. चुंबकी टेबलावर वाकडी बॉडी ओढून सपाट बसते, घासली जाते, आणि सोडली की पुन्हा वाकते. खाली पत्र्याच्या पट्ट्या देऊन मगच बसवायला सांगा. बाजूच्या भिंतींवरचे खड्डे फक्त दिसायला वाईट.

वरचा गंज काढायला पांढरा व्हिनेगर आणि एक रात्र पुरते. पितळी नट आणि लाकडी मुठी आधी काढा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करून मशीन ऑइल लावा. दोन-तीन दिवस विसरलात तर बीड, म्हणजे रंध्याचं ओतीव लोखंड, काळं पडून खरखरीत होतं. खोबरेल नको, नाशिकच्या थंडीत ते थिजतं.

चकाचक पॉलिश केलेल्या रंध्यावर जरा जास्तच संशय घ्यावा. बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, घासलं की खड्ड्यांच्या कडा गोल होतात, फोटोत ते दिसत नाहीत, आणि तोंडाची कडही मारली जाते. स्क्रू उलगडून फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर बसतं तो तिरपा भाग, काढा: तो जिथे टेकतो त्या जागेवर किंवा आट्यांत रंग असेल तर रंगकाम नंतरचं आहे.

विकणाऱ्याने निदान दोन फोटो द्यावेत: पात्याची पाठ, आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकून तळाचं तोंड. हे दोन मागितल्यावर मुठीचेच फोटो येत राहिले, तर भंगाराच्या भावाच्या वर जाऊ नका.