आफ्रो-क्युबन परंपरांची पार्श्वभूमी : ऊस, काबिल्दो आणि बाता ढोल
1791 मध्ये शेजारच्या सेंट-डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी बंड केले आणि जगाला साखर पुरवणारी सर्वांत मोठी वसाहत कोलमडली. ती जागा क्युबाने घेतली. हवाना आणि मातांझासच्या परिसरात उसाचे मळे झपाट्याने वाढले आणि त्यांच्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून आणण्याचा व्यापारही. स्पेनने ब्रिटनशी 1817 मध्ये केलेल्या करारानुसार हा व्यापार 1820 पासून बेकायदा ठरला होता. तरी तो 1860 च्या दशकापर्यंत चोरून चालू राहिला, आणि गुलामगिरी संपली ती 1886 मध्ये. क्युबात आणलेल्या सुमारे 8 लाख आफ्रिकींपैकी बहुसंख्य 19व्या शतकातच आले. माझ्या मते क्युबातल्या आफ्रिकी मुळाच्या परंपरा टिकण्यामागे हा उशीरच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण 20वे शतक उजाडले तेव्हाही आफ्रिकेत जन्मलेली, तिथली गाणी आणि पूजाविधी तिथेच शिकलेली माणसे क्युबात हयात होती.

दुसरे कारण म्हणजे ‘काबिल्दो’. शहरांतील गुलाम आणि मुक्त आफ्रिकी यांची ही मंडळे मूळ जमातीनुसार वेगवेगळी असत : लुकुमी, कोंगो, काराबाली, अरारा. ती वर्गणी जमवत, आजाऱ्याला मदत करत, अंत्यविधी पार पाडत, कधी एखाद्याचे स्वातंत्र्य विकत घेत. आणि 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, हवानाच्या रस्त्यांवर ढोल वाजवत मिरवणुकीने निघत. जमातींत विभागलेले लोक एकत्र येऊन उठाव करणार नाहीत, असा राज्यकर्त्यांचा हिशेब होता. 1812 मध्ये आपोन्ते या मुक्त कृष्णवर्णीयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, गुलामगिरीविरुद्धच्या कटात काबिल्दोंचे सदस्य सापडले, तेव्हा हा हिशेब चुकल्याचे दिसले.

लुकुमी म्हणजे मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतले योरुबा लोक. त्यांचे ओयो साम्राज्य ढासळू लागल्यावर युद्धकैदी म्हणून ते मोठ्या संख्येने विकले गेले आणि त्यांच्या ओरिशांच्या, म्हणजे देवतांच्या, पूजेतून क्युबात ‘सांतेरिया’ हा धर्म घडला. मालकांना फसवण्यासाठी संतांच्या आड देव लपवले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे वाटते. काबिल्दोला एक कॅथलिक संत पालक म्हणून घ्यावाच लागे आणि जोडी लावताना लक्षणेही जुळवली जात. विजेचा आणि ढोलाचा देव चांगो हा पुरुष, पण त्याची जोडी सांता बार्बारा या संत स्त्रीशी लागली, कारण वीज आणि लाल रंग दोघांकडेही आहेत. या पूजेतले बाता ढोल तीन असतात : इया, इतोतेले आणि ओकोंकोलो. ते आडवे मांडीवर घेऊन ढोलाच्या दोन्ही तोंडांवर हातांनी वाजवतात. योरुबा भाषेत स्वराच्या चढउताराने अर्थ बदलतो, त्यामुळे मोठा ढोल, इया, बोलण्याची लय पकडून ओरिशाला आवाहन करू शकतो.

काराबालींची गोष्ट निराळी आहे. आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेवरील क्रॉस नदीच्या प्रदेशातल्या बिबळ्याला प्रतीक मानणाऱ्या गुप्त मंडळांच्या धर्तीवर, हवाना बंदरापलीकडील रेग्ला येथे 1836 मध्ये ‘अबाक्वा’ हे पुरुषांचे बंधुमंडळ उभे राहिले आणि गोदी कामगारांत त्याचा मोठा दबदबा निर्माण झाला.

रुंबा हा ढोलाच्या तालावरचा गाण्या-नाचाचा प्रकार; ती मात्र देवळातली नाही. कोंगो लोकांच्या नाचांचा तिच्यावर दाट ठसा आहे. पण ती वाढली हवाना आणि मातांझासच्या गोद्यांत आणि चाळींच्या अंगणांत, जिथे ढोल नसला तर मालाच्या लाकडी पेटीवर ताल धरला जाई. याम्बू, ग्वाग्वान्को आणि कोलंबिया हे तिचे तीन मुख्य प्रकार.

स्वतंत्र क्युबातही, 20व्या शतकाच्या आरंभी, पोलीस या विधींवर छापे घालून ढोल जप्त करत, आणि सुशिक्षित वर्ग हे सारे जादूटोण्यात जमा करत असे. अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी स्वतः 1906 च्या ग्रंथात या धर्माकडे गुन्हेगारीशास्त्राच्या अंगाने पाहिले होते. पुढे त्यांची दृष्टी पालटली आणि 1936 मध्ये हवानात त्यांनी बाता प्रथमच विधीबाहेर, श्रोत्यांसमोर वाजवून घेतले. त्या कार्यक्रमासाठी प्राणप्रतिष्ठा न केलेले ढोल मुद्दाम घडवण्यात आले. रंगमंचावरचे बाता आणि पूजेतले बाता यांच्यातला भेद तेव्हापासून आजतागायत पाळला जातो.