फटकळ आणि तुसडा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या बहुतेक मशीन शॉपमध्ये असा एक सेटर, म्हणजे मशीन लावून साईज जुळवून देणारा, सापडतोच. बोअरची, म्हणजे पार्टमधल्या भोकाची, साईज हलली, चार जण डोकं खाजवत उभे आहेत, हा येतो, दोन मिनिटांत साईज आणून देतो आणि जाता जाता असं काही बोलतो की ऑपरेटरचं पुढच्या तासभर कामात लक्ष लागत नाही. साहेब म्हणतात, "तो जरा स्पष्टवक्ता आहे." दुभत्या गाईच्या लाथा गोड, एवढंच ते मोठ्याने म्हणत नाहीत.

पण फटकळ माणूस वेगळा आणि तुसडा वेगळा. दोघांचा आवाज सारखाच चढतो, म्हणून घोळ होतो.

फटकळ माणूस जॉबवर बोलतो. "ऑफसेट उलटा टाकलास, उणेच्या जागी अधिक. पाच पीस गेले. पुढच्या वेळी टाकायच्या आधी मला दाखव." (ऑफसेट म्हणजे टूल किती सरकवायचं याचा मशीनला दिलेला आकडा.) लागतं, पण चूक कळते. तुसडा माणसावर बोलतो. "आयटीआयमध्ये काय झोपा काढल्या का रे?" यात ऑफसेट कुठेच नाही. नुसत्या शब्दांवर मात्र जाऊ नका. फटकळ माणसाच्या तोंडी शिवीही असते, आणि तुसडा कधीकधी हसत हसत, शुद्ध मराठीत पाणउतारा करतो. प्लांट हेड शॉपवर आले की बघा. फटकळ त्यांनाही "साहेब, ही तारीख जमणार नाही" म्हणतो. तुसडा तिथे साखर होतो. त्याचं तोंड उताराकडेच वाहतं.

मला हे उशिरा कळलं. आमच्याकडे असा एक तुसडा सेटर सेकंड शिफ्टला टाकला आणि महिनाभरात रिजेक्शन खाली आलं. मीच त्याचं कौतुक केलं. मग कस्टमरकडून लॉट परत आला. पोरं त्याला इतकी टरकून होती की शंकेचा पीस लाल बिनमध्ये, म्हणजे नापास मालाच्या डब्यात, टाकायच्या ऐवजी चांगल्या मालात सरकवत होती. कागदावरचा आकडा सुधारला होता, माल नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९६ मध्ये दोन रुग्णालयांतल्या ८ विभागांमधल्या औषधांच्या चुकांवर निबंध प्रसिद्ध केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा तिचा अंदाज होता, पण नोंदींत तिथेच जास्त निघाल्या. तिने लावलेला अर्थ असा की तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. फटकळ माणसाच्या लाइनवर लाल बिन भरलेला दिसला तर लगेच घाबरू नये, ते यामुळे.

फटकळ माणसासाठी फार काही करावं लागत नाही. कस्टमरच्या ऑडिटला पुढे करू नका, आणि चारचौघांत बोलण्याऐवजी बाजूला घेऊन बोलायला सांगा. कुरकुरतो, पण ऐकतो.

तुसड्याशी "स्वभाव बदल" म्हणून बोलण्यात अर्थ नाही. स्वभावावर तो तासभर वाद घालेल. प्रसंग सांगा: मंगळवारी, तीन नंबरच्या मशीनवर, ट्रेनीला हे बोललास, त्यानंतर त्याने दोन पीस लपवले. हे एकट्याला बोलावून सांगा, लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी परत बसा. पगारवाढीच्या वेळी तो लिहिलेला कागद समोर असू द्या. त्याच्या हाताखाली पोरं देऊ नका, आणि "लीडर केला की सुधारेल" हा प्रयोग तर अजिबात नको. आम्ही केला होता.

त्याहून मोठं काम म्हणजे त्याच्यावाचून अडणं बंद करणं. सेटिंग फक्त त्याच्याच डोक्यात असेल तर साहेबही त्याला घाबरतात, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून आम्ही दुसरा सेटर तयार केला आणि प्रत्येक मशीनला ऑफसेटची वही लटकवली. त्या सेटरला काढलं नाही. वहीची पहिली पानं त्याच्याच अक्षरात आहेत, आकडे अचूक. एका समासात मात्र लिहिलंय, "एवढं तरी कळायला हवं."

ते पान फाडलेलं नाही. ट्रेनी पोरं त्याखाली पेनने टिक करून पुढे जातात.