काळं ऑइल, स्वच्छ इंजिन

डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, ऑइल काळं दिसलं की ते खराब झालं, असं बरेच जण धरून चालतात. गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली असेल तर लगेच ‘इंजिन फ्लश’ची, म्हणजे इंजिनातला मळ धुऊन काढायच्या द्रवाची, बाटली आणली जाते. खरं तर ऑइल काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत सामावून घेतं. काळजी करायची ती फिलर कॅपखाली (ऑइल ओतायच्या झाकणाखाली) काळा, जेलीसारखा चिखल दिसला तर.

पिस्टन रिंगांच्या फटींतून जळालेले वायू थोडेफार खाली उतरतातच. रिंगा झिजल्या की जास्तच. त्यांच्यासोबत काजळी, न जळालेलं इंधन, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ऑइलमध्ये मिसळतात. शिवाय गरम ऑइलचं ऑक्सिडीकरण होऊन चिकट आम्लं तयार होतात. या सगळ्याचा गाळ होऊ नये म्हणून नव्या ऑइलमध्ये आधीच दोन प्रकारची रसायनं घातलेली असतात. त्यातलं डिटर्जंट म्हणजे मुख्यतः कॅल्शियमची संयुगं. कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण पोटात धरून ती आम्लं मारतात.

दुसरं रसायन डिस्पर्संट, आणि खरी करामत त्याची. साबणाचा रेणू आठवा: शेपटी तेलात रुतते, डोकं पाण्याकडे राहतं. इथे सगळं उलटं. डिस्पर्संटच्या डोक्यात नायट्रोजनचे अणू असतात, ते काजळीला आणि आम्लधर्मी मळाला चिकटतात. शेपटी म्हणजे पॉलिआयसोब्युटिलीनची, सत्तरएक किंवा त्याहून जास्त कार्बन अणूंची साखळी, ती ऑइलमध्ये पसरते. काजळीच्या कणाभोवती अशा शेकडो शेपट्यांची झालर तयार होते. पाण्यात कणांना विद्युतभार एकमेकांपासून दूर ठेवू शकतो, ऑइलमध्ये त्याचा जोर फार कमी पडतो. म्हणून इथे अडसर जागेचा: दोन कण जवळ आले की झालरी एकमेकींत दाटतात आणि कणांना मागे ढकलतात. हे कण इतके बारीक राहतात की फिल्टरमधून सहज पार होतात आणि ऑइल बदलताना त्याच्यासोबत बाहेर पडतात. मात्र प्रत्येक डोकं एकदा मळाला चिकटलं की अडकून पडतं. मोकळे रेणू संपले की पुढची काजळी गोळा होऊन धातूवर बसते. ऑइल वेळेवर न बदलण्याचा खरा तोटा हा.

आता बाटलीकडे वळू. झटपट फ्लशमध्ये बहुतेक रॉकेलसारखं द्रावक आणि थोडं डिटर्जंट असतं. वापरायचंच असेल तर इंजिन आधी गरम करून घ्या. ऑइलची पातळी वरच्या खुणेला असेल तर जितकं फ्लश घालणार तितकं ऑइल आधी काढा, नाहीतर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला, साधारण 4-5 लिटर ऑइलला 300-400 मिली. इंजिन 10-15 मिनिटं आयडलवरच चालवा. गाडी हलवू नका, रेस करू नका, कारण पातळ झालेल्या ऑइलची फिल्म बेअरिंगवर टिकत नाही. ऑइल गरम असतानाच काढा, ड्रेन प्लग निदान 20 मिनिटं उघडा ठेवा, नवा फिल्टर लावा. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन चालवण्याचा घरगुती उपाय मात्र करूच नका.

धोका जुन्या जाड थरांत आहे. ते विरघळण्याऐवजी पापुद्रे होऊन सुटतात आणि ऑइल पॅनमधल्या पंपाच्या जाळीवर बसतात. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही, प्रेशरचा दिवा लागतो आणि बेअरिंग जातात. कॅपखाली जाड चिखल असेल तर फ्लश टाळा. पॅन उतरवून जाळी साफ करा. मग योग्य ग्रेडचं चांगलं ऑइल घालून ते दोन-तीन वेळा नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदला. नव्या ऑइलमधले मोकळे डिस्पर्संट रेणू थर हळूहळू उचलतात. टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरणारं इंजिन असेल तर द्रावकाचा फ्लश मुळीच नको, बेल्टचं रबर फुगून सोलवटतं.

‘बाटली ओता, इंजिन नव्यासारखं’ ही जाहिरात खोटी आहे. पिस्टनवरच्या ऑइल रिंगची (सिलिंडरवरचं जादा ऑइल खरवडणाऱ्या रिंगची) भोकं कार्बनने बुजल्यामुळे गाडी ऑइल खात असेल, तर साफसफाईने फरक पडू शकतो. झिजलेला सिलिंडर कुठलंही रसायन भरून काढत नाही. आणि कॅपखाली दुधी, पांढरट चिकटा असेल तर तिथे पाणी आहे. गाडी सतत थोड्या अंतरासाठी चालते का ते बघा, कारण मग इंजिन पुरतं तापत नाही आणि पाणी उडून जात नाही; कूलंटची पातळी घटत असेल तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) तपासून घ्या.